आधी फक्की मारा, मग हरकती मागवा

जोडरस्त्याच्या प्रस्तावावर हरकती आणि सूचना ऐकायला बसणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि समितीच्या सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी पंचवटीच्या उत्तर अंगाला, डाव्या कालव्याजवळ राहतो. आमच्याकडे त्याला कालवा कुणी म्हणत नाही, पाटच म्हणतात. भूकरमापक म्हणून ३१ वर्षं जमिनी मोजण्यात गेली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. आमच्या वस्तीच्या कडेने एक जोडरस्ता प्रस्तावित झाला आहे, त्याबद्दल हे पत्र लिहितो आहे. रस्त्याची दोन टोकं कुठली ते मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते एका पट्ट्यापुरतं नाही. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. रस्त्यांची कामं आणि प्रस्ताव इतके आहेत की शहराच्या कुठल्याही भागात कुणी ना कुणी अशी एखादी नोटीस वाचत बसलेलं असेल.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. मला हा रस्ता हवा आहे.

पंचवटीतून निघणारे रस्ते डोळ्यांसमोर आणा. मखमलाबाद रोड, पेठ रोड, दिंडोरी रोड, औरंगाबाद रोड. तळहातापासून बोटं फुटावीत तसे हे रस्ते फुटतात आणि पुढे एकमेकांपासून लांब लांब जातात. एका बोटावरून शेजारच्या बोटावर जायचं तर पुन्हा तळहातावर यावं लागतं. म्हणजे निमाणी, पंचवटी कारंजा, दिंडोरी नाका. दुपारनंतर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या भरून बाजार आवाराकडे निघालेली पिकअप, आरटीओत लायसनच्या कामाला निघालेला पोरगा, सातपूरला दुसऱ्या पाळीला जाणारा कामगार, सगळे त्याच तळहातावर एकमेकांना अडवत उभे असतात. यातल्या बऱ्याच जणांना पंचवटीत काही काम नसतं. आडवी वाट नाही म्हणून ते तिथे येतात.

गेल्या आषाढात रात्री दोनच्या सुमारास शेजारच्या आजोबांच्या छातीत कळ आली. पलीकडच्या रस्त्यावरचा दवाखाना आमच्या गच्चीवरून दिसतो, त्याची हिरवी पाटी रात्रभर चालू असते. मधे शेतं, ओहोळ आणि चिखल. आम्ही रिक्षाने गेलो ते खाली उतरून, वळसा घालून. आजोबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि दर खड्ड्याला ते माझं मनगट घट्ट धरत होते. आजोबा वाचले. पण ती हिरवी पाटी रिक्षातून एकदा डाव्या हाताला दिसली, मग दिसेनाशी झाली, आणि बऱ्याच वेळाने समोरून आली. हे ज्याने पाहिलं तो जोडरस्त्याच्या आड येणार नाही.

म्हणून जे पुढे लिहितो ते विरोध म्हणून वाचू नका, एवढी विनंती.

नोटीस निघाली ती नेमकी द्राक्षांच्या गोडी छाटणीच्या, म्हणजे फळछाटणीच्या दिवसांत. ऑक्टोबरात आमच्याकडच्या द्राक्षबागांत काय चाललेलं असतं ते नाशिकच्या माणसाला सांगायला नको. छाटणी झाली की एक-दोन दिवसांत काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावावी लागते. मजुरांची टोळी मिळाली तो दिवस सोडता येत नाही. त्यामुळे हरकतींच्या महिन्यातले पहिले पंधरा-वीस दिवस बागवाल्यांच्या हिशेबी नव्हतेच. बाकीच्यांनाही नोटीस पेपरात येऊन गेल्यावर कुणाच्या तरी मोबाइलवर फिरत आलेल्या फोटोतून कळली.

मी नकाशा बघायला गेलो तेव्हा शेजारच्या मळ्यातल्या आजी बरोबर आल्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे, नऊवारी, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत सातबाऱ्याच्या घड्या घालून घालून विरलेल्या प्रती. एका कार्यालयाच्या जिन्याखालच्या फळ्यावर नकाशाची झेरॉक्स टाचलेली होती. आजींनी चष्मा वर-खाली केला आणि विचारलं, "भाऊ, यात आपला पाट कुठंय?" मी दाखवला. "आणि माझा गोठा?"

३१ वर्षं मोजणी करून मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

का नाही देता आलं, ते समजावून सांगतो, कारण या पत्राचा जीव तिथे आहे. पाच हजारास एक या प्रमाणाच्या नकाशावर १८ मीटर रुंदीचा रस्ता जेमतेम ३.६ मिलिमीटरचा दिसतो. त्याची कडेची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली, तर त्या रेघेखालीच जमिनीवरची अडीच मीटर जागा झाकली जाते. आजींचा गोठा दहा फूट रुंद आहे, म्हणजे तीन मीटर. अख्खा गोठा जवळजवळ रेघेच्या जाडीत बसतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढताना कागद जरा सरकला की गोठा रस्त्यात जातो, दुसऱ्या बाजूला सरकला की वाचतो. अशा कागदाकडे बघून त्या माउलीने काय मत द्यावं? तिने तेच केलं जे कुणीही करेल. बाहेर टपरीवर छापील नमुना मिळत होता, "सदर नियोजित रस्त्यास माझी तीव्र हरकत आहे", त्याच्यावर अंगठा उठवला. तिला सही येते. त्या दिवशी हात थरथरत होता.

आमच्या पट्ट्यातून असे बरेच अर्ज गेले. मी त्यांतले कितीतरी वाचले, कारण लोक माझ्याकडेच भरून घ्यायला येत होते. वाक्य एकच, खाली नावं वेगळी. नोटिशीत शब्द दोन असतात, "हरकती व सूचना". पहिला शब्द सगळ्यांनी वापरला. दुसरा कुणीच वापरला नाही. आपला रस्ता कसा असावा हे सांगणारी एकही ओळ मला त्या गठ्ठ्यात दिसली नाही. याचा अर्थ लोकांकडे सांगण्यासारखं काही नाही असा तुम्ही घेऊ नये, म्हणून त्यानंतरचा एक रविवार सविस्तर सांगतो.

त्या रविवारी सकाळी आम्ही फक्की मारली.

फक्की म्हणजे तीच, कबड्डीचं मैदान आखायला आणि घराचा पाया आखायला वापरतात ती पांढरी भुकटी. अर्धं पोतं आणलं. माझा जुना ५० मीटरचा टेप होता, सुतळीचा बिंडा होता, चार बांबूंना लाल कापडं बांधली. नववीतली दोन पोरं मदतीला. नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे पक्क्या सापडतील अशा तीन जागा धरल्या: पाटावरचा जुना पूल, गटाच्या हद्दीचा एक दगड आणि वीज उपकेंद्राच्या भिंतीचा कोपरा. तिथून मापं धरत रेषा बसवली. ज्याच्या शेतातून जायचं त्याला आदल्या संध्याकाळी भेटून विचारलं होतं. दोघांनी नाही म्हटलं, त्यांच्या बांधाशी थांबलो आणि पलीकडून पुन्हा सुरू केलं. झेरॉक्सवरून केलेलं काम, त्यामुळे अर्धा-एक मीटर इकडे-तिकडे असणार, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं. तुमच्याकडे रोव्हर, ईटीएस ही अचूक मोजणीची यंत्रं आहेत. तुम्ही हेच काम केलं तर फरक बोटाच्या पेरापुरता राहील.

साडेसातला पहिली रेघ ओढली, आणि नऊ वाजेपर्यंत दोन्ही बाजूंनी माणसं उभी होती. गेल्या कित्येक वर्षांत ग्रामदेवतेच्या यात्रेशिवाय इतकी माणसं एका जागी मी पाहिली नव्हती.

गोठ्यापाशी पोहोचलो तेव्हा आजी दारातच होत्या. पोराने रेघ मारत नेली. ती गोठ्याच्या कुडापासून हातभर अंतरावरून गेली. आजी बाहेर आल्या, पदर खोचला, रेघेला लागून एक पाऊल ठेवलं, मग दुसरं, आणि गोठ्याच्या मेढीला हात लावून पाहिला. म्हणाल्या, "एवढंच? मग गोठा राहतो की." थोडा वेळ गप्प राहिल्या. मग समोरच्या पडीक रानाकडे बोट करून म्हणाल्या, "पण भाऊ, गाया पलीकडं कुठून न्यायच्या?"

ही सूचना होती. अर्ज भरून महिना झाला होता आणि त्या अर्जात जे आलं नव्हतं ते पांढऱ्या रेघेपाशी दोन मिनिटांत आलं. जोडरस्ता दोन टोकं जोडतो हे तुमच्या टिपणात लिहिलेलं आहे. त्याच रस्त्याने दोन बाजू एकमेकींपासून तुटतात, ते कुठे लिहिलेलं नाही. आजींची गुरं, मजुरांच्या बायकांची पाण्याची वाट, आणि सकाळी सातला बांधावरून एका रांगेत शाळेला जाणारी पोरं, हे सगळे आडवे जाणारे आहेत. पोरांनी फक्कीची रेघ ओलांडताना सवयीने उडी मारली आणि तिथे उभ्या असलेल्या त्यांच्या आया एकदम गप्प झाल्या. तिथे गाड्या धावू लागल्यावर काय, हे प्रत्येकीच्या मनात आलं असणार. पलीकडे जायची सोय मागाहून करू म्हटलं की काय होतं ते मुंबई-आग्रा महामार्गाने आपल्याला दाखवलं आहे. महामार्ग रुंद झाला, वर उड्डाणपूल आला, लांबच्या गाड्यांची सोय झाली, आणि खाली शहराच्या दोन बाजूंची माणसं थोड्याशा बोगद्यांमधून वाट काढत राहिली. इंदिरानगरच्या बोगद्यापाशी एखाद्या संध्याकाळी अर्धा तास उभं राहून बघा. आमचा रस्ता लहान आहे. उंचवट्याचं क्रॉसिंग कुठे हवं, दिवा कुठे हवा, हे आत्ता नकाशात घालायला काही लागत नाही. लोकांनी ती जागा त्या रविवारीच दाखवली, तिथे आम्ही फक्कीने फुली मारली.

पुढे ओहोळ लागला. वर्षातले आठ महिने कोरडा असतो, म्हणून झेरॉक्सवर तो जवळपास उमटलाच नव्हता. रेघ त्याच्या सगळ्यात खोलगट जागेवरून गेली. तिथे एका मळेकऱ्याने मला बाजूला घेतलं आणि बांधावरच्या बाभळीच्या बुंध्यावर एक जागा दाखवली. २००८ च्या सप्टेंबरात गोदावरीला मोठा पूर आला होता. त्याच दिवशी ओहोळाचं पाणी फुगून इथवर आलं होतं, असं तो सांगत होता. त्याने हात ठेवला ती जागा माझ्या कमरेच्या वर होती. तुमच्या रस्त्याला इथे भराव घालावा लागणार. भराव घालून खाली दोन सिमेंटचे पाइप टाकले तर पहिल्याच पावसाळ्यात प्लॅस्टिक आणि उसाची पाचट अडकून ते तुंबतील, आणि रस्ताच बांध होऊन पाणी मागच्या रो-हाउसमध्ये शिरेल. पाइपऐवजी पुरेशा रुंदीची स्लॅबची मोरी लागेल. किती रुंदीची, ते गणित मी करू नये. दिंडोरी रोडला मेरीसारखी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) संस्था आपल्याच शहरात आहे, त्यांच्याकडून करून घ्या. पण प्रश्न कुठे आहे ते बाभळीजवळच्या माणसाला माहीत आहे, आणि तो तुमच्या सुनावणीच्या खोलीत कधीच येणार नाही. तो द्राक्षाला पेस्ट लावत असेल.

आता जरा नाजूक गोष्ट लिहितो. प्रस्तावात रेषा एका जागी वाकली आहे. वस्तीत त्यावरून कुजबुज चालू होती की अमक्याचा प्लॉट वाचवायला वळण दिलं. मोजणीच्या नोकरीत मी हे शंभरदा ऐकलं आहे. रेषा वाकली की संशय येतो, आणि कागदावर त्या संशयाला उत्तर नसतं. आम्ही फक्की मारत तिथे गेलो तर समोर विहीर. चांगली दगडी बांधणीची, पाणी असलेली, आठ-दहा घरं अजून वापरतात ती. वळण विहिरीसाठी होतं. कुजबुज करणाऱ्यांतला एकजण तिथेच म्हणाला, "मग बरोबर आहे." ज्याने नकाशा काढला त्याने चांगलं काम केलं होतं, आणि ते लोकांना कळायला कुणीतरी विहिरीपर्यंत चालत जावं लागलं. मखमलाबाद-हनुमानवाडीच्या हरित क्षेत्र विकासाच्या वेळी शेतकऱ्यांनी किती कडाडून विरोध केला ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या वादात कोण बरोबर हे मी इथे ठरवत नाही. पण आपली जमीन आधी कागदावर रंगवलेली बघायला मिळाली की शेतकऱ्याच्या पोटात काय होतं, ते मला माहीत आहे. मी त्यांच्या बांधावर उभा राहिलो आहे.

पाटाच्या अलीकडे एक चिंच आहे. माझ्या वडिलांनीही ती मोठीच पाहिली होती. रेघ तिच्या बुंध्यापासून चार फुटांवरून गेली. झाडांच्या कायद्यात २०२१ ची दुरुस्ती झाली, तेव्हापासून ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे. म्हणजे ही चिंच आज ना उद्या अडणार हे निश्चित. मग काम निम्म्यावर थांबेल, झाड तसंच राहील आणि डांबर त्याच्या दोन्ही बाजूंनी जाईल. गंगापूर रोडवर हेच झालं. रुंद झालेल्या रस्त्यात झाडं राहिली आणि अंधारात त्या बुंध्यांवर आदळून माणसं गेली. झाड आणि गाडीवाला, दोघांवरही अन्याय. आमच्या चिंचेसाठी रेषा दहा-बारा फूट सरकवायला आज जागा मोकळी आहे. दोन वर्षांनी तिथे कंपाउंड आलेलं असेल.

चिंचेवरून सुचलं ते लिहितोच. झाड तोडायचं असेल तर पेपरातल्या जाहिरातीबरोबर त्या झाडालाही ठळक जागी नोटीस लावा, असं १९७५ चा वृक्षांचा कायदा सांगतो. महानगरपालिकांच्या १९४९ च्या अधिनियमात, कलम २१० मध्ये, अस्तित्वात असलेल्या रस्त्याची नियमित रेषा, म्हणजे त्याची ठरवलेली कड, बदलायची असेल तर पेपर आणि राजपत्राच्या जोडीला त्या रस्त्यावरच नोटीस लावायला सांगितलं आहे. कायदा करणाऱ्यांना तेव्हाही कळत होतं की ज्याचा प्रश्न आहे तो पेपर वाचेलच असं नाही, पण त्या जागेवरून तो रोज जातो. मात्र विकास आराखड्यात नसलेला नवा रस्ता शेतातून, वस्तीतून न्यायचा, म्हणजे १९६६ च्या नगररचना अधिनियमातल्या कलम ३७ चा फेरबदल करायचा, तर राजपत्रातली सूचना, एक महिन्याची मुदत, बाधितांना नोटीस आणि सुनावणी एवढं पुरेसं धरलं जातं. त्या कलमात "आणि प्राधिकरण ठरवेल अशा अन्य रीतीने" प्रसिद्धी द्यायची मुभा आहे. ती अन्य रीत कोणती ते तुम्हीच ठरवायचं आहे. जमिनीवर आखून दाखवणं ही अन्य रीत होऊ शकते. त्यासाठी नवा कायदा नको, मंत्रालयात फेऱ्या नकोत.

बाधित कोण, हाही प्रश्न तिथेच सुटतो. तुमच्या यादीत सातबाऱ्यावरची नावं आहेत. आजींच्या शेतात बारा वर्षं राहणारं कुटुंब सातबाऱ्यावर नाही. त्यांची पत्र्याची खोली पूर्ण रस्त्यात जाते, हे आम्हाला त्या रविवारी कळलं, आणि त्यांनाही. बाप कामावर गेला होता. आई रेघेकडे बघत उंबऱ्यात बसून राहिली, धाकटं पोर मात्र पांढऱ्या भुकटीत बोटं घालून खेळत होतं. तिने कुठलाच अर्ज भरला नव्हता, कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिचं काय करायचं ते मला एकट्याला सुचत नाही. तुमच्यापुढे मांडतो आहे. त्या खोलीची नोंद तरी व्हावी.

आणि माझं स्वतःचंही लिहिलं पाहिजे, नाहीतर हे पत्र अर्धवट राहील. माझ्या कंपाउंडचा कोपरा रस्त्यात जातो. तीन फूट बाय सात फूट. त्या कोपऱ्यात आमच्या सौभाग्यवतींनी लावलेला प्राजक्त आहे. ती गेल्यापासून सकाळी फुलं मी वेचतो. फक्की मारताना टेपचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं, आणि रेघ प्राजक्ताच्या आतून गेली तेव्हा पोरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना म्हटलं, मारा. कोपरा मी देतो. सुनावणीत लेखी देईन. पण मला जो एक दिवस मिळाला, टेप हातात धरून काय जातंय ते डोळ्यांनी बघायचा आणि मग हो म्हणायचा, तो या पट्ट्यातल्या प्रत्येकाला मिळाला पाहिजे.

सिंहस्थाची घाई आहे, हे तुम्ही म्हणाल आणि ते खरं आहे. अरुंद वाटेचं मोल नाशिकने मोजलेलं आहे. २७ ऑगस्ट २००३ ला सरदार चौकात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसं गेली. त्या काळात पंचवटीत राहणाऱ्या कुणालाही रस्ता लांबवायची इच्छा होणार नाही. पण हिशेब करून बघा. दीड-दोन किलोमीटरचा पट्टा दोन्ही कडांनी आखायला रोव्हर घेतलेल्या एका पथकाला एक दिवस लागेल, अडचणी आल्या तर दोन. पाच-सहा पोती फक्की. पाऊस असेल तर फक्की वाहून जाते, तेव्हा चुन्याच्या पाण्यात बुडवलेल्या खुंट्या ठोका. दर पन्नास मीटरवर एक पत्र्याची पाटी, तिच्यावर गट नंबर आणि "रस्त्याची कड येथे" एवढेच शब्द. महिना त्या दिवसापासून मोजा. एक भूसंपादनाचा दावा कोर्टात किती वर्षं चालतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यापुढे दोन दिवस काय आहेत?

सुनावणीची एक बैठक त्या जागेवर घ्या, रविवारी किंवा संध्याकाळी सहानंतर. टेबल-खुर्च्या आम्ही देऊ, पाटाजवळ मारुतीच्या देवळासमोर सावली आहे. तिथेच कुणीतरी जाणकाराने टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) आणि रोख मोबदला यातला फरक साध्या मराठीत सांगावा. जमिनीच्या मोबदल्याबद्दल लोकांना अर्धवट ऐकीव माहिती आहे आणि दलालांनी फिरायला सुरुवात केली आहे. १८ मीटर रुंदीत शंभर मीटर लांबीला जवळपास अठरा गुंठे जातात. ज्याची जमीनच तीस गुंठे आहे त्याला ही माहिती दलालाकडून मिळू नये.

अजून एक मागणी आहे, आणि माझ्या मते तीच सगळ्यात राहून जाते. अर्ज दिल्यावर पोच मिळते, शिक्का मिळतो. त्या सूचनेचं पुढे काय झालं ते कधीच कळत नाही. मान्य केली, अंशतः केली, नाकारली, आणि का, एवढं एक-एका ओळीत लिहून तो तक्ता त्याच देवळाच्या भिंतीवर लावा. नाकारलीत तरी चालेल. आजींना गुरांची वाट मिळणार नसेल तर का मिळणार नाही ते त्यांना कळू द्या. या वयात त्यांनी चार किलोमीटर येऊन अंगठा दिला आहे.

आमच्या रविवारच्या टिपणात एकंदर तेवीस गोष्टी जमल्या. क्रॉसिंगच्या फुल्या तीन, मोरीची जागा एक, चिंच, विहिरीला कठडा, पत्र्याच्या खोलीची नोंद, शेतात उतरायला रॅम्प कुठे कुठे, पाटाच्या पाळीला धक्का न लावता पूल कसा रुंद करता येईल याबद्दल एका गवंड्याने काढलेलं चित्र, आणि अशाच बाकीच्या. टिपण पत्रासोबत देतो आहे. अक्षर माझं आहे, सूचना लोकांच्या आहेत. रस्ता नको, असं त्या तेवीसांत कुणीही म्हटलेलं नाही.

फक्की आता पुसट झाली आहे. गुरांच्या खुरांनी आणि दवाने बरीचशी गेली. तुमचं पथक कधी येणार ते कळवा. वीज उपकेंद्राच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली तर बरं पडेल, तिथली खूण पक्की आहे. मी सकाळी सातला टेप घेऊन तिथे उभा राहीन, आणि ती दोन्ही पोरंही येतो म्हणाली आहेत.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक
पंचवटी, नाशिक